सुनेच्या पेपरातली माणसं

एक होती सासू, ती मीच, एक होती तिची सून, आणि एक होता मधला, माझा लेक, तो बस चालवायचा... आणि या तिघांच्या घरात काय नव्हतं म्हणाल, तर दहावी पास झालेलं माणूस नव्हतं. आता माझं सोडा, मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. लेकानं आठवीत दप्तर टाकलं ते टाकलंच. पण सून? नऊ वर्षं दवाखान्याच्या कपडेखोलीत चादरी सांभाळतेय, कुठल्या वॉर्डातले किती अभ्रे फाटलेत ते तिला झोपेतून उठवून विचारा. तरी त्या खोलीची मुख्य व्हायची वेळ आली, तर साहेब म्हणतात, दहावीचा निकाल आणा, तोवर जागा अडवून धरतो, पुढे माझ्या हातात नाही. बाकी सगळे विषय सुटलेले. अडलं कुठं? भाषेत. आपल्याच भाषेत! दोनदा नापास, आणि दोन्ही वेळा अलंकारांनी घात केला.

तुम्हाला सांगते, मी मटार सोलत बसलेली, ती मोठ्यानं वाचतेय, ज्याची तुलना करायची ते उपमेय, ज्याच्याशी करायची ते उपमान. चौदा वेळा वाचलं आणि पुस्तक मिटून म्हणताना उलटंच म्हणाली. मी आपलं सुलट सांगितलं. ती बघतच राहिली. त्यात काय बघायचं? माझ्या लग्नात नणंद काय बोलली, कुठं थांबली, कुठं खोकली, सगळं मला पाठ आहे. ऐकलेलं विसरता येत नाही मला, आता यात माझं काय चुकलं?

खरी गोम उदाहरणांत होती हो. पुस्तकात जिकडेतिकडे चंद्र, कमळं, हरिणी आणि भुंगे. आमच्या गल्लीत कुणाचं तोंड चंद्रासारखं आहे? मी म्हटलं, सूनबाई, हरिणी जाऊ दे रानात, आपल्याकडे काय माणसं कमी आहेत? समोरची शिंपीणबाई घे. तिची जीभ कात्रीसारखी, झाली उपमा. जीभ जणू कात्रीच, उत्प्रेक्षा. जीभ हीच कात्री, रूपक. ही जीभ नव्हे, कात्री आहे, अपन्हुती. आणि कात्री परवडली, तिला अधूनमधून धार तरी लावावी लागते, हा व्यतिरेक. एका जिभेत पाच अलंकार निघाले, फार उपकार झाले बाईचे. शिवाय तिचं मशीन बंद पडलं की ती म्हणते, आज रुसलंय मेलं. म्हणजे निर्जीव वस्तू माणसासारखी वागली, तीही तिच्याच खात्यात, चेतनगुणोक्ती. अतिशयोक्तीसाठी तर घराबाहेर जायलाच नको, लेक रोज सांगतो, आज बसमध्ये मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. आता तो दारातून ओरडतो, भुकेनं मेलो, आणि आतून बायको म्हणते, अतिशयोक्ती. बिचाऱ्याला धड कुरकुरताही येईना. पण तिच्या डोक्यात भराभर बसायला लागलं ना, मग यात माझं काय चुकलं?

तर म्हणे चुकलंच. कोपऱ्यावरचे शिकवणीचे मास्तर परीक्षेच्या आठ दिवस आधी तयारी बघायला आले, कात्री ऐकून त्यांचा चष्मा घसरला. म्हणाले, "आजी, परीक्षेत असलं चालत नाही. पुस्तकातलं उदाहरण जसंच्या तसं उतरवायचं, नाहीतर शून्य." झालं. सून पांढरीफटक. परत हरिणी धरल्या, भुंगे धरले, आणि इतका गोंधळ उडाला की एकदा तिनं हरिणीच्या तोंडावर भुंगा बसवला. मी तोंडाला कुलूप घातलं. मटारसुद्धा आतल्या खोलीत नेऊन सोलले.

परीक्षेच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी बाकावर बसून राहिले. बाहेर आली ती डोळे लाल करूनच. म्हणाली, भुंगे उडाले, आई. एक ओळ आठवेना. शेवटी शिंपीणबाईच लिहिली, यांची बसही लिहिली, आता साहेबांना सांगून टाकते, दुसरी कुणी बघा. नऊ वर्षांचं काम तिचं, आणि बुडवलं मी, माझ्या या जिभेनं. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, आणखी काय आलं होतं?

"अनन्वय."

अनन्वय म्हणजे, एखाद्याला शोभेल अशी दुसरी उपमाच सापडत नाही, म्हणून त्याची तुलना त्याच्याशीच करायची.

"मग त्याला काय लिहिलंस?"

"आमच्या आईंसारख्या आमच्या आईच," ती म्हणाली, आणि पदरानं नाक पुसलं.

मी तिला म्हटलं, चल, ऊन वाढतंय. दुसरं काय म्हणणार? चालताना मात्र तिच्या हातातली पिशवी मीच घेतली.

महिनाभर घरात कुणी अलंकाराचं नाव काढलं नाही. मग निकाल लागला. मास्तरांनीच त्यांच्या फोनवर बघून सांगितला, तीन वेळा बघितला हो त्यांनी. भाषेत त्रेचाळीस. पास! मास्तर चष्मा पुसत म्हणाले, तपासणारी बाई नक्की सासुरवाशीण असणार.

आणि झाली सून मुख्य. कमरेला किल्ल्या, हाताखाली चार बायका, साहेब बाई म्हणून हाक मारतात. आमच्याकडे असं सुख पहिल्यांदाच आलं, पण सुख आलं की त्याच्या मागून काहीतरी येतंच बघा. तिला यायला उशीर होतो, माझे गुडघे ओट्यापाशी उभं राहू देत नाहीत, तेव्हा संध्याकाळचा स्वयंपाक लेकाकडे. आमटी वाढतो आणि समोर बसून विचारतो, कशी झालीय? सून माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. मग मी म्हणते, बाळा, इतक्या सढळ हातानं मीठ घालायला फार मोठं मन लागतं. फुलतो नुसता, वर आणखी एक डाव वाढतो. वरून कौतुक आणि आतून टोला, याला व्याजस्तुती म्हणतात. तेवढा एक अलंकार आम्ही दोघींनी त्याला शिकवलेला नाही... आणि ताटातलं आम्ही दोघी संपवतो मुकाट्यानं.