इंजिनाचा बोल्ट

स्पेअर पार्टच्या दुकानात स्कूटरचा बल्ब घ्यायला आलेला शिंपी रांगेत उभा होता. पुढे दोघे भाऊ. थोरल्याच्या हातात, जुन्या मोटरसायकलीचं इंजिन चेसीला धरून ठेवणारा लांब, गंजका बोल्ट.

"तीन दिवस मी हातोडा हाणत होतो. तसूभर हलला नाही."

"तू दमून गेलास की मी तेल सोडत होतो, दादा. आज इंजिनाखाली जॅक लावून भार उचलला, बोल्ट आधी जरासा आवळला, मग सुटला."

"सोडवायचा बोल्ट आवळतं का कोणी?"

"गंजाची पकड सुटते त्यानं. बाबांनी दाखवलेलं."

"कधी?"

"तू कॉलेजात असायचास तेव्हा. याच गाडीवर."

"मला साधा पाना धरू दिला नाही कधी. म्हणायचे, तू हात काळे करू नकोस, अभ्यास कर."

"मला नाही म्हणाले तसं कधी."

थोरल्यानं विचारलं, "आणखी काय काय दाखवलं?"

"बरंच."

त्यांचा नंबर आला. दुकानदारानं बोल्ट फिरवून पाहिला.

"डोकं ठेचलंय, पण आटे शाबूत आहेत. कोणी काढला?"

"मी," थोरला म्हणाला.

धाकट्यानं काळे हात खिशात घातले.