सहा कॉइल, सहा प्लग आणि माझी एक थाप

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या ट्रान्सपोर्टच्या मालक माननीय कामिनीताई भंगाळे, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती गफूरभाई, व्यासपीठावर संकोचून बसलेल्या त्यांच्या पत्नी मेहरुनभाभी, त्यांची कन्या नौशीन, धुळ्याहून गाडी काढून आलेले पाहुणे, सगळे ड्रायव्हर आणि वर्कशॉपमधले माझे सोबती, आपणा सर्वांना अभिमन नारखेडेचा नमस्कार.

फोरमन म्हणून मी गौरवाचे चार शब्द बोलावेत, असं ताईंनी सांगितलं. या हॉलमध्ये पंखे कमी आणि माणसं जास्त आहेत, तेव्हा लांबण लावत नाही. पण गौरव करायचा तर खरं बोलावं लागेल, आणि खरं हे आहे की एकतीस वर्षं ज्यांच्या शेजारी मी पान्हा धरला, त्या माणसाचा मी मनापासून हेवा केला. हसू नका. मी गंमत करत नाही.

डिझेलच्या गाड्यांवर होतो तोवर आम्ही बरोबरीचे होतो. मग ताईंनी गॅसवर चालणारे सहा ट्रक घेतले. पुण्याला ट्रेनिंगसाठी एकालाच पाठवायचं होतं. गफूरभाई गेले. दहा दिवसांनी परतले ते प्रमाणपत्र घेऊन. ताईंनी ते फ्रेम करून ऑफिसात लावलं. असोद्याहून रोज सकाळी मोटरसायकलवर येताना माझ्या डोक्यात ती फ्रेम असायची. मी काय कमी होतो? माझं अक्षर वाईट होतं की हात वाईट होता?

इथे बायाबापड्या बसल्या आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. गॅसच्या इंजिनाला लागते. ती पाडतो स्पार्क प्लग, आणि त्याच्या डोक्यावर बसून त्याला वीज देते ती कॉइल. सहा सिलिंडर, सहा प्लग, सहा कॉइल. गफूरभाई ते बदलायचे तेव्हा मी लांबून बघायचो. इंजिन गार होऊ द्यायचं. कॉइल सरळ वर ओढायची, खाली हवा मारून खड्डा साफ करायचा. नवा प्लग आधी बोटांनी फिरवायचा आणि मग टॉर्क पान्ह्याने, म्हणजे ठरलेला जोर भरला की इशारा देणाऱ्या पान्ह्याने, 'कट्' आवाज येईपर्यंत. त्या 'कट्'नेसुद्धा मला डिवचल्यासारखं व्हायचं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. फोरमन कोणाला करायचं ते ताई पंधरा दिवसांत ठरवणार होत्या. एक ट्रक मिसफायर करत होता, म्हणजे मधूनच ठिणगी चुकत होती. त्याचे प्लग आणि कॉइल बदलायचे म्हणून कामाचं कार्ड गफूरभाईंच्या नावाने निघालं. पण दुपारी त्यांना धुळ्याला पुतणीच्या लग्नाला जायचं होतं. जाताना ते मला म्हणाले, "भाऊ, इंजिन तापलेलं आहे. राहू द्या. परवा येऊन करतो."

मी राहू दिलं नाही. गरम इंजिनावरच प्लग काढले. नवे बसवले ते माझ्या लांब दांड्याच्या पान्ह्याने, डिझेलचे बोल्ट आवळतो तसे अंगातला जोर लावून. गाडी चालू झाली, छान गुरगुरली. मला इतका आनंद झाला! म्हटलं, गफूरभाईंना एकदा धुळ्याहून परत येऊ दे, मग सगळ्यांना सांगतो कोणी केलं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गाडीत तूरडाळ भरलेली होती. ड्रायव्हर सुपडू किल्ली घ्यायला आला आणि पहिला प्रश्न विचारला, "गफूरभाईनी हात लायेल शे ना?"

मी समोर उभा. माझे हात अजून काळे. आणि याला गफूरभाईंचा हात हवा! माझं नाव सांगितलं असतं तर त्याने किल्लीच घेतली नसती.

मी म्हटलं, "हो. त्यांनीच केलं. जा घेऊन."

पारोळ्याच्या अलीकडून सुपडूचा फोन आला. "भाऊ, गाडी झटका मारी ऱ्हायनी व्हती म्हनीसन कडेले लायी, तं खाले गवत पेटी गयं!" एक प्लग ठिणगी पाडत नव्हता, न जळलेला गॅस सायलेन्सरमध्ये जाऊन जळत होता. सायलेन्सर लाल झालेला, खाली वाळलेलं गवत, वर गॅसच्या टाक्या. सुपडू पळाला नाही. केबिनमधलं पाण्याचं कॅन ओतून आणि माती टाकून त्याने ती आग विझवली. त्याचा पंजा भाजला.

ताईंबरोबर मी तिथे पोचलो. धुळ्याकडून लग्नातले कपडे घालून गफूरभाई आले. इंजिन गार झाल्यावर त्यांनी तिसरा प्लग काढला. पांढऱ्या चिनी मातीला उभा तडा. जास्त आवळल्याने जातो तो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"अभिमनभाऊ, हे तुम्ही बसवले?"

मी म्हणालो, "नाही. कार्डावर तुमचं नाव आहे."

ताई चिडल्या होत्या. "गफूरभाई, लग्नाच्या घाईत केलंत ना?"

त्यांनी तो तडकलेला प्लग फडक्यात गुंडाळला. मग म्हणाले, "कार्ड माझ्या नावाचं आहे, ताई. जबाबदारी माझी."

पंधरा दिवसांनी मी फोरमन झालो. त्यानंतरच्याच सोमवारी गफूरभाईंनी मला हाक मारली, टॉर्क पान्हा माझ्या हातात दिला आणि सहाही प्लग माझ्याकडून बसवून घेतले. पारोळ्याचा शब्दही काढला नाही. मला लाज वाटायला हवी होती. मला रागच आला. कौशल्य त्यांचं, आणि मनाचा मोठेपणाही त्यांचाच? माझ्या वाट्याला काय, तर फक्त खुर्ची!

काल धीर करून मी त्यांच्या घरी गेलो आणि कबूल केलं. वाटलं, ते पाठीवर हात ठेवतील. ते म्हणाले, "मला काय सांगता? गाडीत मी नव्हतो. सुपडूला सांगा."

म्हणून इथे सांगतो आहे. सुपडू, त्या दिवशी तू माझ्यामुळे मेला असतास. माझी चूक झाली, आणि चुकीपेक्षा थाप मोठी होती. ताई, फोरमनपदाचा राजीनामा मी लिहून आणला आहे, हा इथे ठेवतो.

सुपडू उठून चालला आहे. नको, त्याला कोणी अडवू नका. जाऊ द्या. त्याचा हक्क आहे तो.

गफूरभाई, तुम्ही त्याच्या मागे निघालात? शाल तरी... बरं, जा.

बघा, माझं मन अजून तसंच आहे. सुपडूला समजवायलाही हेच उठले आणि तो यांच्यासाठी थांबला, हे पाहून आत्ता या क्षणी पुन्हा जळलं.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आपला ऋणी आहे. मेहरुनभाभी, तुमच्या आनंदाच्या दिवशी हे बोललो, कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. जेवण तयार आहे. ते दोघे आत आल्याशिवाय पंगत बसवू नका, एवढी विनंती करून थांबतो.