पयलं बिऱ्हाड

(निजामी अमलातलं, नळदुर्गजवळचं एक गाव. साल १९४३. टळटळीत दुपार. गावचे पाटील कल्याणप्पा ओट्यावर. बायको महानंदा दारात.)

महानंदा : उठा आता. सगळा गाव माळावर गेला.

कल्याणप्पा : माझ्याआधी? पलेगात पयलं बिऱ्हाड पाटलाचं निघतंय, मग गाव उठतंय. आज्याच्या वक्तापासनं रीत हाय.

महानंदा : म्हणून तर उंदीर पडल्यापासनं सतरा दिवस कुणी गाडी जुंपली न्हाई.

कल्याणप्पा : मग म्या काय झोपलो व्हतो? तहसीलीत अर्ज दिला. हुकूम येऊ द्या म्हटलं.

महानंदा : मग मठातल्या स्वामींना मुहूर्त इचारला. मग अवस सरू द्या म्हटलं. मग ज्वारी खळ्यात हाय म्हटलं. दर खेपंला दारावरनं मढं गेलं की तुमी आत जाऊन बसला.

कल्याणप्पा : आन् मागं खळी लुटली असती तर? समद्यांनी मलाच धरलं असतं.

महानंदा : नऊ माणसं गेली. कुणी धरलं तुमाला?

कल्याणप्पा : ...गाव उठवला कुणी?

महानंदा : सारजाबाईनं. काल तिचा तरणा ल्योक गेला. सकाळी तिनं चुलीत पाणी वतलं, गाडगी डोक्यावर घेतली आन् निघाली. एकटी रांडमुंड बाई. तिच्यामागं सगळे.

कल्याणप्पा : मला हाळी द्यायला कुणीच आलं न्हाई?

महानंदा : शेजारचा सोमलिंग येत व्हता. लोकांनी वाटंतनंच माघारी फिरवला.

कल्याणप्पा : का?

महानंदा : म्हणाले, पाटलाला इचारलं की परत थांबावं लागंल.

कल्याणप्पा : ...खरं बोलले. म्या भेत व्हतो गं. तापाला न्हाई, ‘चला’ म्हणायला. कुणी दारात आला की त्याला दुसऱ्याच्या दारात धाडायचा, एवढंच केलं म्या. आन् त्यालाच पाटीलकी म्हणत बसलो. लाज वाटती आता. चल, गाडी जुंपतो. आपुन बी जाऊ.

महानंदा : शिवगंगाच्या काखंत गाठ आलीया.

कल्याणप्पा : आपल्या नातीच्या?

महानंदा : व्हय. सकाळपासनं डोळं उघडंना झालीया. तिला माळावर न्यावं, तर तितं गावाला लागंल. हितं ऱ्हावं, तर ह्या घरातली धाकटी दोन लेकरं बी जात्याल. तिला घेऊन कुणीतरी मागं ऱ्हायचं, बाकीच्यांनी निघायचं. कोण ऱ्हायाचं, ते तुमी ठरवा.

कल्याणप्पा : तूच सांग.