एकाच बापाचे दगड

थोरला : ...असं कसं नाही जमायचं? तुझी लेक आहे ती. तिची आई जाऊन चार दिवस झाले नाहीत, बापाला आपल्या घरी न्यायला म्हणून खाली बॅग घेऊन उभी आहे. आणि तू निरोप माझ्याकडे देतोस?

धाकटा : तुझं ऐकेल ती. प्राचार्य काकांचं सगळेच ऐकतात.

थोरला : कारण तरी कळू दे.

धाकटा : तिचं पोर लहान आहे, दादा. हसतं, खेळतं. त्याच्याजवळ माझ्यासारखा दगड कशाला?

थोरला : दगड?

धाकटा : विसरलास? आपली आई गेली तेव्हा आपण दोघंही रडलो नव्हतो. बाबा भरल्या घरात म्हणाले, ‘माझ्या पोटी दोन दगड जन्मले.’

थोरला : हां, ते होय! माझ्या निरोप समारंभात मी तो किस्सा सांगितला होता. म्हटलं, या दगडाला विद्यार्थ्यांनी पाझर फोडला. काय हशा पिकला होता!

धाकटा : मी शेवटच्या रांगेत होतो. मीही हसलो. घरी येताना वाटलं, याला कसं जमतं हे सांगायला?

थोरला : अरे, बाबा दुःखात बोलून गेले. ते काय धरून बसायचं?

धाकटा : तू नाही धरलंस. परवा वहिनी भांडणात तेच म्हणाल्या, तेव्हा काय म्हणालास त्यांना?

थोरला : म्हटलं, तुझं डोकं तापलंय, जरा पड जा.

धाकटा : बघ. तुला कुणी दगड म्हटलं, तर बिघाड म्हणणाऱ्याच्या डोक्यात. बाहेर पडलास की लोक म्हणतात, सर किती गंभीर, किती शांत. मी जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या हाकल्या. मागे बसलेले साहेब पाहुण्यांना सांगायचे, ‘बिनधास्त बोला, पुढे दगड बसलाय.’ माझ्यादेखत. मी आरशात बघायचो. तोंड तसंच दिसायचं.

थोरला : आणि तेवढ्यावर तू विश्वास ठेवलास?

धाकटा : कुणी वेगळं बोललंच नाही, तर कशावर ठेवू? पोरगी तापाने फणफणली की मी शेजारच्या काकूंना हाक मारायचो. म्हटलं, मायेचं माणूस असू दे जवळ. मी आपला बाहेर पायरीवर.

थोरला : आत्ता जिन्यात ती काय म्हणाली, सांगू? ‘काका, बाबांना मी कधी आवडलेच नाही का?’

धाकटा : असं म्हणाली?

थोरला : रडत होती.

धाकटा : म्हणजे आपले बाबा खोटं बोलले नव्हते.

थोरला : साफ खोटं होतं ते! मी सांगतो ना तुला!

धाकटा : तू ठासून बोललास की तुला पटतं, दादा. मला लगेच नाही पटत.

थोरला : बरं, मग दुसरं ऐक. तुझी बायको गेली त्या दिवशी दवाखान्यात तू ‘गाडीत बसतो’ म्हणून खाली निघून गेलास. मी होतो तिच्याजवळ. तिची नजर दारावरून हलत नव्हती. मला म्हणाली, ‘भाऊजी, हे जेवले का?’

धाकटा : दोनदा म्हणाली.

थोरला : काय?

धाकटा : पहिल्यांदा तुला ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा तू म्हणालास, ‘हो हो, जेवला.’

थोरला : तू तर गाडीत होतास.

धाकटा : बाकावर होतो. तिच्या खोलीबाहेर.



थोरला : अरे, मग आत का नाही आलास?

धाकटा : उठलो होतो की. दाराला हातही लावला. पण डोळे कोरडे होते, दादा. तसं तोंड घेऊन तिच्यासमोर कसा जाऊ?