आखूड पटाशी

अरे, लाकूड तासायची जुनी पटाशी घेशील तर लांब घेऊ नकोस. मी घेतली, तीही माहीत असून.

बेलापूरचे रहीममिस्त्री सुतारकाम सोडल्यामुळे हत्यारं विकत होते. मी दोन पटाश्यांतली लांब, नव्यासारखी उचलली.

"ती नका घेऊ. आखूड घ्या," मिस्त्री म्हणाले. "चांगलं पोलाद हाय, म्हनून तर हीच वापरली, धार लावून लावून झिजली."

"पण धार आहे का?"

"पाच वर्सं हात लावला न्हाई," म्हणत त्यांनी आखूड पटाशी डाव्या हातावरून फिरवली. सुतार हातावरचे केस काढून धार बघतात. पण काढायला केसच नव्हते! उजवा हात केसाळ आणि डावा कोपरापर्यंत गुळगुळीत.

"मिस्त्री, अजून रोज धार लावता?"

त्यांनी गुपचूप बाही खाली ओढली. "सवय हाय वो."

मी आखूड पटाशी त्यांच्या हातातच ठेवली. "मला लांबच द्या."

"लई लवकर बोथट हुती ती. दर रविवारी माझ्याकडं आनावी लागंल."

म्हटलं, "म्हणून तर घेतोय."