माधवनगरच्या शेडमधला फ्रीजर

एकोणीस तारीख. बुधवार. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. त्या वेळी माधवनगरच्या शेडमधलं मेन स्विच खाली ओढलं गेलं. कुणामुळे, ते सांगायलाच मी इथे उभी आहे.

तुम्ही सगळे आलात. आष्ट्याहून आलात, कवठे महांकाळहून आलात, उन्हातून आलात. बोलणं जड जातंय. प्रताप माझा भाऊ, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. त्याच्याविषयी मी बोलावं आणि त्याने ऐकू नये, हे मला अजून कळत नाही.

खरं सांगायचं तर या प्रकरणातलं मला बरंचसं कळलेलं नाही. आमचे वडील फौजेत होते, म्हणून मी नन्सच्या शाळेत शिकले, आणि पोस्टमास्तर होऊन निवृत्त झाले. मला पत्र कळतं, पोच कळते. प्रतापने जनावरांच्या डॉक्टरकीतून निवृत्त होऊन कंपनी काढली, ती मात्र कळली नाही. बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात एक शेड, एक फ्रीजर, आणि ही सुनीता. हिचं घराणं मेंढपाळांचं. ही कॉलेजात शिकत होती तेव्हा उन्हाळ्यात रोगाने हिच्या वडिलांच्या कळपातल्या गाभण मेंढ्या दिवस भरायच्या आतच गाभडल्या. रक्ताच्या एका थेंबावर तो रोग मेंढ्यांच्या वाड्यावरच ओळखता यावा, अशी चाचणी या दोघांना करायची होती.

पैसे मुंबईच्या एका फंडाने घातले. मी प्रतापला विचारलं, "तारण काय दिलंस?"

"काही नाही, आक्का."

"व्याज किती?"

"व्याज नाही. ते कंपनीत हिस्सेदार झाले."

"पण वस्तू कुठाय?"

"वस्तू अजून व्हायचीय."

"आणि झालीच नाही तर?"

"तर त्यांचेही बुडाले, आपलेही बुडाले. त्यांना ते आधीच ठाऊक असतं. दहा ठिकाणी घालतात, एखादं उगवतं."

मी म्हटलं, "तुला दहांतला कितवा धरलाय, ते विचारलंस का?" तो हसला. आता कुणाला विचारू?

त्या फ्रीजरमध्ये काय होतं, ते सगळ्यांना माहीत नसेल. तीन वर्षं सुनीता आणि प्रताप वाड्या-वाड्यांवर हिंडले. मेंढ्यांचं रक्त गोळा केलं. कोणती मेंढी आजारी, कोणती निरोगी, ते प्रत्येक बाटलीवर लिहिलं. नवी चाचणी खरं बोलते का, ते या बाटल्यांवरच ताडून बघायचं होतं. जूनअखेर ते फंडाला दाखवायचं, मग पुढचा हप्ता. असा करार होता.

बुधवारी पहाटे प्रताप गेला. सुनीता इस्पितळात माझ्याशेजारी बसून होती. शेडवर राखणीला धोंडीरामभाऊ होते. त्यांची सगळी हयात गिरणीत गेली. गिरणीत कुणी मोठं माणूस गेलं, की मेन काढायचं, कुलूप घालायचं, आणि माती सावडेपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही. ती तिथली रीत. त्यांचा फोन आला, तेव्हा सुनीता इस्पितळाचे कागद आणायला खाली गेली होती.

"आक्का, डाक्टरसायेब गेलं म्हंत्यात. मेन काढू न्हवं?"

"काढा."

"समदंच?"

"सगळंच. तिसऱ्या दिवसापर्यंत कुणी आत जायचं नाही."

माणसाने दोनदा विचारलं होतं. दोनदा. मी माझ्या भावाचा मान राखत होते. फ्रीजर माझ्या डोक्यातही नव्हता.

शुक्रवारी माती सावडून नदीवरून आल्यावर सुनीताने कुलूप काढलं. दारातच वास आला. मी तिच्यामागे उभी होते. फ्रीजर उघडून ती म्हणाली, "आक्का, तुमी भाईर थांबा." एवढंच.

तिने त्याच दिवशी फंडाला खरं कळवलं. खरं म्हणजे अर्धं खरं. 'वीजपुरवठा बंद झाल्याने नमुने नष्ट झाले.' माझं नाव घातलं नाही. धोंडीरामभाऊंचंही नाही.

त्यांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. पहिली ओळ दुःखाची. दुसरीपासून करार. संस्थापक राहिले नाहीत, नमुने राहिले नाहीत, मुदतीत काम होणार नाही. सबब पुढचा हप्ता थांबवला आहे. आणि सुनीताबाईंच्या निष्काळजीपणाची नोंद घेतली आहे.

कुणाच्या निष्काळजीपणाची?

दुसऱ्या रांगेत बसलेले पाहुणे, तुम्ही त्या फंडाकडून आलात. आल्याबद्दल आभार. चहा घेतल्याशिवाय जाऊ नका. पण आधी हे ऐका, आणि चारचौघांसमोर ऐका. मेन मी काढायला सांगितलं. सुनीताने नाही. वीज मंडळानेही नाही. मी.

मला राग कुणावर यावा, तेच कळत नाही. तुमच्यावर येतो, मग आरसा दिसतो. जे लोक अजून न झालेल्या वस्तूवर विश्वास ठेवतात, त्यांचा त्या वस्तूसाठी राबणाऱ्या पोरीवरचा विश्वास एका कुलपाने कसा उडतो?

काल सुनीताचे वडील आले. बिरूतात्या. ते बघा, खांबाला टेकून बसलेत. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "आवं आक्का, रगत काय येकदाच घावतं व्हय? मेंढरं हायत की. पाऊस लागला की कळप माघारी येत्यात. परत घ्या."

मी म्हटलं, "पण फंडाची मुदत जूनअखेर आहे."

तात्या म्हणाले, "मग त्यास्नी म्हणावं, तुमीच या. मेंढरांमागं चाला चार दिस. मुदत कशी आसती ती कळंल."

प्रताप असता तर हेच बोलला असता, जरा सभ्य शब्दांत.

तेव्हा पाहुणे, तुमच्या साहेबांना उद्देशून लिहिलेलं पत्र मी तुमच्या हाती देते. दोनच गोष्टी मागितल्या आहेत. सुनीताच्या नावापुढची ती नोंद काढा. माझं नाव, माझा पत्ता लिहून दिला आहे, तिथे नोंद करा. आणि कळप माघारी येऊन ताडण्यापुरते नमुने पुन्हा जमेपर्यंत, म्हणजे दिवाळीपर्यंत, मुदत द्या. हो की नाही, ते लेखी हवं. सही-शिक्क्याचं, रजिस्टर पोस्टाने. फोन नको, फोनवर काय होतं, ते मी बघितलं आहे. येत्या पंधरा तारखेला, दुपारी चार वाजायच्या आत, ते माझ्या हातात पडलं पाहिजे.

आता आपण सगळे उभे राहू. प्रतापसाठी दोन मिनिटं शांत राहू.

धोंडीरामभाऊ, तुम्ही बटणांकडे निघालात. बसा. पंखे चालू राहू द्या.