विशाखापट्टणमचा पाटकरी

(तळेगाव श्यामजी पंत. चिंधूभाऊचं अंगण. शेजारच्या प्रेमदासचा चहा केव्हाच संपला आहे, तरी तो उठत नाही. चिंधूची बायको जिजाबाई सुपात तूर पाखडते आहे.)

चिंधू : ...अन् हे सांगतलं त गावात कोणी मानणार नाई, प्रेमदास. बंद पडलेला समुद्र म्या चालू केला.

प्रेमदास : समुद्र काय मोटारपंप हाय, चिंधूभाऊ?

चिंधू : ऐक त खरं. मागं पोरीकडे, पौर्णिमाकडे, विशाखापट्टणमले दोन महिने राहून आलो ना? रोज इडली खाची अन् बंदरावर हिंडाचं. कसली घाई नाई. एक दिवस पाह्यतो त समुद्र गायब. नुसता चिखल, अन् त्यात जहाजं बसले म्हशीवानी.

प्रेमदास : ओहोटी म्हंतेत त्याले.

चिंधू : तू म्हण. म्या वळखलं, वरतून गेट बंद केलं. आपल्या कालव्याले नाई का, पाळी सरली का पाणी बंद? निंघालो पाणी सोडनाऱ्या पाटकऱ्याले शोधाले.

जिजाबाई : समुद्राले पाटकरी?

चिंधू : दीपस्तंभाखाली खाटेवर घोरत होता. म्हटलं, बापू, टेलच्या, पार शेवटच्या लोकाईले पाणी नाई भेटून राह्यलं. थो म्हणे, सायबाची चिठ्ठी आना.

प्रेमदास : तेलुगूत?

चिंधू : चिठ्ठी मांगाले भाषा लागत नाई. मंग एक जपानी कप्तान माह्या पाया पडला. म्हटलं, रडू नको, बैलजोडी आन. जू बांधलं अन् जहाज ओढलं चिखलातून, थे धडकलं गेटाले, अन् समुद्र चालू.

प्रेमदास : बंदरात बैल कुठून आले?

चिंधू : जहाजातच होते. दुबईले चालले होते, पोळ्याले.

जिजाबाई : म्हणूनच म्हंतो, प्रेमदासभाऊ, पौर्णिमानं आता आमचे दोघाईचे तिकिटं काढले, त मी नाई जात. हे असे बंदरभर हिंडनारे. माह्या गुडघ्यापायी यायले जागोजागी बसा लागंन.

चिंधू : अवं, तुले गोडी लागावी म्हणून त सांगून राह्यलो.

जिजाबाई : लागली ना. म्हणूनच तुमचा खोळंबा नाई करत.

प्रेमदास : घ्या. जहाज ओढलं, बायको हालत नाई.

जिजाबाई : पन एक सांगा. जाताना तुमाले तिकडं हिंडाले नवी चप्पल घेतलती. परवा धुवाले काढली त तळाले दुकानाचा कागद तसाच चिकटून. बंदरावर हिंडले कशानं?

चिंधू : ...अनवाणी.

जिजाबाई : अंगणात अनवाणी निंघत नाई तुम्ही. खोटं हाय सारं. पौर्णिमाच्या गॅलरीतून खाली उतरलेच नाई. समुद्र पाह्यलाच नाई तुम्ही.

प्रेमदास : बोला, चिंधूभाऊ.

चिंधू : एकट्यानं काय पाहाचा होता.

जिजाबाई : ...मंग थो कागद काढा, अन् चप्पल पिशवीत टाका. माह्या चालीनं हिंडा लागंन, सांगून ठेवतो.